जतच्या वर्गातील जग

शाळेच्या वार्षिक अंकासाठी काही लिहून पाठवावे, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा आम्ही जरा विचारात पडलो. माजी विद्यार्थ्याने शाळेच्या अंकात लिहावयाचे म्हणजे एकतर जुन्या आठवणी सांगाव्या, नाहीतर लहानांस उपदेश करावा, अशी रीत पडून गेली आहे. आठवणी ज्याच्या त्यास गोड असतात आणि उपदेश कोणासच गोड लागत नाही. म्हणून या दोन्ही वाटा सोडून आमच्या हातून घडलेली एक चूक येथे सांगावी, असे आम्ही ठरविले आहे. या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी पुष्कळजण पुढे महाविद्यालयात जातात, आणि त्यांतले कित्येक स्वतः अध्यापक होतात. त्यांस ही हकीकत उपयोगी पडेल, अशी आम्हांस आशा वाटते.

आमचा व्यवसाय अध्यापनाचा. जत तालुक्यात आम्ही वाढलो, आणि पुढे याच बाजूच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे समाजशास्त्र शिकविले. काही वर्षांपूर्वी आमच्या अध्यापकवर्गाची एक सभा भरली होती. १९२० किंवा १९३० साली कोणी स्वप्नातही आणला नसता असा विषय सभेपुढे होता: विद्यापीठातील शिक्षणाचे आंतरराष्ट्रीयीकरण. २०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले, त्यात या गोष्टीवर भर दिलेला आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासंबंधी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. परदेशी विद्यार्थी आपल्याकडे यावे, आपले अध्यापक बाहेर जावे, परदेशी विद्यापीठांशी करार व्हावे, असा त्यांचा रोख आहे. सूचना वाचून झाल्या, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "उन्हाळ्यात जेथे पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागते, त्या जतला परदेशी विद्यार्थी कशास येईल?" सभेत एकच हशा पिकला. आम्ही मात्र हसलो नाही. दुसऱ्या एका हशाची आम्हांस त्या क्षणी आठवण झाली. तो हशा आम्हीच पिकविला होता, आणि त्याची किंमत एका विद्यार्थिनीने मोजली होती.

ती हकीकत कळण्यासाठी आधी आमच्या तालुक्याचे दोन शब्दांत वर्णन केले पाहिजे. जत हे पूर्वी डफळे घराण्याचे संस्थान. या घराण्याची देशमुखी विजापूरच्या आदिलशाहीतली. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, आणि १९६० साली त्याच जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. तालुक्याच्या पूर्वेस व दक्षिणेस कर्नाटकाची सीमा आहे. जत शहरातून पूर्वेकडे निघाले, की मराठी बोलणे हळूहळू विरळ होत जाते आणि उमदी-संखच्या बाजूस पोहोचेपर्यंत कट्ट्यावरची भाषा कानडी झालेली असते. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्ही राज्यांतून माणसे पायी येतात. सांगली जिल्हा परिषदेच्या कानडी माध्यमाच्या शाळा या तालुक्यात आहेत. त्या शाळांत शिकलेली मुले पुढे मराठीतून शिकविणाऱ्या महाविद्यालयात येतात, आणि मागच्या बाकांवर बसतात. ती मागे का बसतात, हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे स्वतःस विचारला नव्हता.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बी. ए.च्या वर्गात 'आप्तसंबंध' हे प्रकरण चालू होते. पाठ्यपुस्तकातील उदाहरणे दूरदूरच्या बेटांवरील होती. कोठे वारसा आईकडून चालतो, कोठे मुलगा मामाच्या घरी जाऊन राहतो, असे आम्ही मोठ्या रंगात येऊन सांगत होतो, आणि मुले वहीत उतरवून घेत होती. जगाची ओळख करून देणे ते हेच, अशी आमची समजूत होती. इतक्यात पुढच्या बाकावरील एकाने विचारले, "सर, आपल्याकडेही पूर्वेच्या गावांत सख्ख्या मामाशी लग्न लावतात, ते यातच येते का?" आम्ही उत्तर दिले, "त्यासाठी परदेशी पुस्तक कशास हवे? आपल्या शेजारीच अशी रानटी बेटे आहेत!" वर्ग खदखदून हसला. आपल्या विनोदबुद्धीवर आम्हीही खूष झालो. तास संपला.

मागच्या बाकावर एक कानडीभाषी मुलगी बसत असे. दुसऱ्या दिवसापासून हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागू लागली. पहिले काही दिवस आम्ही लक्ष दिले नाही. सुगीच्या दिवसांत मुली शेतावर जातात, हे ठाऊक होते. तीन आठवडे झाले, तेव्हा तिच्याच गावच्या एका मुलास विचारले. तो मान खाली घालून म्हणाला, "सर, तिचे आईवडील मामा-भाचीच आहेत."

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. झोप लागली, परंतु दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून तेच प्रकरण पुढे चालविणे आम्हांस जमेना. रविवारी आम्ही एस. टी.ने तिच्या गावी गेलो.

घर साधेच होते. अंगणात ज्वारीची कणसे वाळत होती. तिच्या आईने "बर्री" म्हणून घोंगडे अंथरले, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, आणि "ऊटा आतेन्री?" असे विचारले. जेवण झाले का, हा त्याचा अर्थ आम्हांस समजला. परंतु उत्तर मात्र मराठीतच द्यावे लागले. ज्या तालुक्यात जन्म घालविला, त्यातील निम्म्या घरांत चार वाक्ये बोलता येऊ नयेत, आणि दूरच्या बेटांवरील चालीरीती तोंडपाठ असाव्या, याची लाज त्या घोंगड्यावर बसून आम्हांस प्रथमच वाटली. आई बोलत होती आणि मुलगी तिचे बोलणे मराठीत सांगत होती. आपल्याबद्दलची तक्रार आपल्याच विद्यार्थिनीच्या तोंडून भाषांतर होऊन ऐकावी, असा प्रसंग फार थोड्या अध्यापकांवर आला असेल. आईचे म्हणणे एवढेच होते: "आमच्या घराला जेथे हसतात, तेथे आमची मुलगी कशी बसेल?"

आम्ही क्षमा मागितली. मग मुलगी, आईचे बोलणे थांबले तरी, स्वतःहून बोलू लागली. तिचे शब्द आम्हांस अजून जसेच्या तसे आठवतात. "सर, माझेही मामाशी ठरविण्याची बोलणी घरात चालली होती. मी नको म्हणत होते. मला पुढे शिकायचे आहे, असे सांगत होते. पण त्या दिवशी वर्ग हसला, आणि घरी आल्यावर मला घरच्यांच्याच बाजूने बोलावे लागले. तुम्ही माझ्या आईला रानटी म्हटल्यावर मी तिच्याविरुद्ध कशी बोलू?"

वाचकहो, परसंस्कृतीविषयी कसे शिकवावे, यावर आम्ही पुढे बरेच ग्रंथ वाचले. परंतु या तीन-चार वाक्यांत जे आहे त्याहून अधिक आम्हांस त्यांत आढळले नाही. माणूस आपल्या घरच्या चालीकडे आतून शंकेने पाहू लागलेला असतो. शिक्षणाचा आरंभ तेथेच होतो. नेमक्या त्या वेळी बाहेरच्याने थट्टा केली, की तो शंका टाकून देतो आणि कुंपण घालून बसतो. तिच्या हातून प्रश्न काढून घेण्याचे काम आम्ही केले होते, आणि तेही समाजशास्त्राच्या तासाला.

त्या वर्षी ती परत आली नाही. वर्ष वाया गेले, ते आमच्या खाती जमा आहे.

परतताना एस. टी.त बसून आम्ही विचार करू लागलो, की जे शास्त्र आम्ही शिकवितो ते आमच्यापर्यंत आले तरी कोणत्या वाटेने? ही वाट पाहण्यासारखी आहे, म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो.

१८९८ साली केंब्रिजहून हॅडन यांच्या नेतृत्वाखाली विद्वानांची एक तुकडी ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांमधील टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर गेली. तीत रिव्हर्स नावाचे एक डॉक्टर होते. ते मुळात गेले होते तेथील लोकांची दृष्टी व इतर इंद्रियशक्ती तपासण्यासाठी. कोणते गुण घराण्यात उतरतात हे पाहावे, म्हणून त्यांनी घरोघर बसून वंशावळी लिहून घेतल्या: तुझी आई कोण, तिचा भाऊ कोण, त्याची मुले कोणती, त्यांस तू कोणत्या नावाने हाक मारतोस? या साध्या प्रश्नांतून एक नवीच पद्धत हाती आली. समाजाची घडण कळण्यासाठी मोठाले सिद्धांत आधी सांगण्याची जरुरी नाही. माणसांची खरी नावे व नाती नीट विचारून मांडली, की घडण आपोआप दिसू लागते. हीच पद्धत घेऊन रिव्हर्स पुढे निलगिरीवरील तोडा लोकांत आले, आणि त्यांच्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला.

इकडे मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पुढे नगररचनेत नावाजलेले. विद्यार्थ्याने आधी आपला स्वतःचा प्रदेश पायी हिंडून पाहावा, त्याची डोंगर-नदीपासून बाजारपेठेपर्यंत पाहणी करावी, असा त्यांचा आग्रह असे. त्यांच्याच प्रयत्नाने मालवणकडचे एक तरुण, गोविंद सदाशिव घुर्ये, इंग्लंडास गेले. तेथे केंब्रिजला रिव्हर्स यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. १९२२ साली रिव्हर्स वारले, तेव्हा उरलेले काम हॅडन यांच्याकडे पुरे केले. १९२४ पासून घुर्ये यांनी मुंबईच्या विभागाची धुरा वाहिली. त्यांच्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तेथील नदीवरूनच त्यांचे नाव ठेवलेले. महर्षी कर्वे त्यांचे सासरे. १९१६ साली महर्षींनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले, त्याचे मूळही परदेशी होते. टोकियोतील स्त्रियांच्या विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली, आणि तीवरून ही कल्पना त्यांच्या मनात दृढ झाली. परंतु जपानची कल्पना त्यांनी जशीच्या तशी उचलली नाही. आपल्या विद्यापीठात शिक्षण मातृभाषेतून देण्याचे ठरवून तिला येथील मातीत लावले.

त्यांच्या सुनेने तर याहून अवघड गोष्ट केली. इरावतीबाई बर्लिनला गेल्या आणि १९३० साली तेथील डॉक्टर झाल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर हे मानववंशाच्या शास्त्रातील मोठे प्रस्थ. पुढे नाझी राजवटीच्या वंशवादास ज्यांच्या विद्वत्तेचा आधार मिळाला, त्यांपैकी ते एक. मनुष्याच्या कवटीच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतात. या विषमतेचा वंशाशी काही संबंध असावा, अशी तेव्हा कल्पना होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले, आणि तसा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष गुरूपुढे ठेवला. परक्या देशात, परक्या भाषेत, एकट्या हिंदी विद्यार्थिनीने हे लिहिले. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अध्यापन केले, आणि देशभर हिंडून लोकांची नातीगोती गोळा केली. १९५३ साली त्यांचा हिंदुस्थानातील आप्तसंबंधांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या सर्व वाटेचा विचार करता आमची चूक कोठे झाली, ते ध्यानात आले. टॉरेसच्या बेटांहून केंब्रिज, केंब्रिजहून मुंबई, मुंबईहून पुणे असा प्रवास करीत जी वस्तू आमच्यापर्यंत आली, ती होती एक विचारण्याची रीत. आम्ही रीत बाजूस ठेवली आणि उदाहरणे तेवढी वाटली. परदेशी उदाहरणे नवलाच्या पेटीसारखी उघडून दाखविली, तर विद्यार्थ्यास जग दिसत नाही. त्यास फक्त परक्याकडे पाहून हसण्याची सवय लागते. तीच सवय मग शेजारच्या बाकाकडे वळते.

पुढच्या जूनमध्ये ती मुलगी पुन्हा वर्गात आली. घरी काय बोलणी झाली, ती कशी मिटली, हे तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्या वर्षी आम्ही ते प्रकरण निराळ्या तऱ्हेने घेतले.

पहिल्या तासाला पुस्तक उघडले नाही. प्रत्येकाने एका घराची तीन पिढ्यांची वंशावळ काढावी, आणि प्रत्येक नावापुढे हाक मारण्याचा शब्द लिहावा, असे सांगितले. घर स्वतःचेच असले पाहिजे, असे बंधन ठेवले नाही. कोणाचे वडील घर सोडून गेलेले असतात, कोणाच्या घरी दुसरी आई असते. ते फळ्यावर यावे अशी त्याची इच्छा नसेल, तर त्याने शेजाऱ्याचे घर घ्यावे. दुसऱ्या तासाला एक मराठी व एक कानडी विद्यार्थी अशा जोड्या केल्या, आणि दोघांनी आपापले शब्द शेजारी शेजारी मांडावे असे ठरविले. मागचे बाक त्या दिवशी आपोआप पुढे आले.

फळ्यावर जे उमटले ते पाहून आम्ही स्वतः चकित झालो. 'अण्णा' व 'अक्का' हे शब्द दोन्ही बाजूंस होते. कानडीत 'माव' म्हणजे आईचा भाऊ, आणि सासऱ्यासही तोच शब्द. 'अत्ते' म्हणजे बापाची बहीण, आणि सासूसही तोच. मराठी मुले म्हणाली, "आमच्यात असे नाही, मामा निराळा आणि सासरा निराळा." तेव्हा तीच कानडी विद्यार्थिनी उठून म्हणाली, "मग तुमच्या घरी सून सासऱ्याला काय म्हणते?" वर्ग क्षणभर गप्प झाला. मागून एकजण हळूच म्हणाला, "मामंजी." "आणि सासूला?" "आत्याबाई."

ज्या चालीस आदल्या वर्षी वर्ग हसला होता, तिची सख्खी बहीण प्रत्येक मराठी घरात रोज हाक मारीत होती! मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची आपल्याकडे पूर्वापार चाल. अशा लग्नात नवरीची सासू ही तिची आत्याच असते आणि जावयाचा सासरा हा त्याचा मामाच. चाल पुष्कळ घरांतून मागे पडली. शब्द मात्र मागे राहिला. तिसऱ्या तासाला इरावतीबाईंची मांडणी वर्गापुढे ठेवली: उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे त्यांनी देशाचे चार विभाग पाडले. उत्तरेत मामाची मुलगी ही बहीणच, तिच्याशी लग्नाचा विचारही पाप. दक्षिणेत जवळच्या नात्यात लग्न करणे इष्ट, आणि काही समाजांत मामा-भाचीचे लग्नही रूढ. मधल्या विभागातील आपला महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर उभा. म्हणजे आम्ही जतच्या पूर्वेकडील गावांस हसावे, तर उत्तरेकडील मनुष्याने त्याच तोंडाने आम्हांस हसावे!

मग कोणी विचारले, "आणि साहेबांच्या देशात?" तेथे तर गंमतच आहे. इंग्रजीत चुलत, मामे, आते, मावस या चारही भावंडांस एकच शब्द. आणि ज्याने सजीवांच्या वंशावळीचे शास्त्र जगास दिले, त्या चार्ल्स डार्विनने १८३९ साली एमा वेजवुड हिच्याशी लग्न केले; ती त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. पुढे मात्र अशा लग्नांचा संततीवर वाईट परिणाम होत असेल काय, या शंकेने तोच डार्विन अस्वस्थ झाला, आणि त्याच्या मुलाने, जॉर्ज डार्विनने, १८७५ साली त्याची आकडेवारीने पाहणी केली. आपल्याच घरातील चालीस प्रश्न विचारण्याचे धैर्य म्हणजे काय, याचा याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही.

येथे कोणी म्हणेल, की मग तुम्ही त्या चालीचे समर्थन करता की काय? तसे नव्हे. जवळच्या रक्ताच्या लग्नांत काही आनुवंशिक रोग मुलांत उतरण्याचा संभव वाढतो, हे आज वैद्यक निश्चित सांगते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मामा-भाचीचे नाते निषिद्ध नात्यांत घातले, आणि जेथे रूढी असेल तेथे तिला सवलतही ठेवली. हे सर्व आम्ही त्याच तासाला सांगितले. परंतु या वेळी वर्ग ते ऐकत होता. पूर्वेच्या गावांतील मुलांनी वहीत उतरवून घेतले, आणि दोघा-तिघांनी रोगांविषयी अधिक विचारले. तीच माहिती हशानंतर सांगितली असती, तर त्यांनी कान झाकून घेतले असते. समजून घेणे म्हणजे मान्यता देणे नव्हे. परंतु समजून घेतल्यावाचून जो निवाडा दिला जातो, तो ज्याच्यासाठी द्यावयाचा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

त्या सभेत, हशा ओसरल्यावर, आम्ही हीच हकीकत सांगितली, आणि जोडीस आणखी एक. स्वीडन देशाच्या दक्षिण टोकास माल्मो नावाचे बंदर आहे. तेथे १९९८ साली एक नवे उच्चशिक्षणाचे विद्यालय निघाले. नवी संस्था, परदेशी विद्यापीठांशी ओळखी नाहीत, तेव्हा विद्यार्थ्यांस बाहेर पाठवावे कसे? तेथील बेंग्ट निल्सन या गृहस्थांनी पाहिले, की शहरातच नाना देशांतून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे राहत आहेत. परदेशी जाता येत नसेल, तर आपल्याच गावातील परक्यांकडून आपल्या विद्यार्थ्यांनी शिकावे, अशी त्यांनी योजना केली, आणि 'घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण' ही कल्पना तेथून जगभर पसरली. माल्मोला जे साधले, ते जतला का साधू नये? आमच्या वर्गात तर दोन भाषा, दोन तऱ्हेची नाती, दोन राज्यांची सोयरीक शेकडो वर्षांपासून शेजारी बसलेली आहेत. त्यांस एकमेकांशी बोलते करण्यास ना करार लागतो, ना विमानाचे भाडे.

ही रीत अडचणींवाचून चालते, असे मात्र नाही. तीन तास वंशावळींत गेले, तर अभ्यासक्रमाचे एक प्रकरण मागे पडते. परीक्षेत व्याख्याच विचारतात, आणि फळ्यावरील शोधास गुण मिळत नाहीत. शिवाय जत म्हणजे सारे जग नव्हे. केवळ शेजाऱ्याकडे पाहून टॉरेसची बेटे कळत नाहीत. त्यासाठी पुस्तक उघडलेच पाहिजे, आणि संधी मिळेल त्याने अवश्य परदेशी जावे. आमचे म्हणणे क्रमापुरतेच आहे. शेजारच्या बाकावरील मुलाचे घर ज्याने आदराने विचारून घेतले, तो बर्लिनला गेला तरी तेथील गुरूस नम्रपणे 'हे असे दिसत नाही' असे सांगू शकेल. ज्याने ते केले नाही, तो जग हिंडून येऊनही हसण्यासाठी नवी बेटे तेवढी शोधून आणील.

त्या विद्यार्थिनीने पुढे पदवी घेतली. सेवानिवृत्तीच्या दिवशी तिचे पत्र आम्हांस आले. अर्धे मराठीत होते आणि अर्धे कानडीत. कानडी अर्ध आम्हांस वाचता आले नाही. म्हणून साठी उलटल्यावर आम्ही कानडी मुळाक्षरे गिरविण्यास आरंभ केला आहे. शेजारच्या चौथीतल्या एका कानडी मुलास आम्ही गुरू केले आहे. तो फार कडक आहे, आणि आमच्या उच्चारास मनसोक्त हसतो. ते आम्ही मुकाट्याने सोसतो. त्या हशाचे काही देणे आमच्या अंगावर आहेच.